घरच्या हाय-फायसाठी नेटवर्क स्विच कसा निवडायचा: पोर्ट, केबल, ॲडॅप्टर आणि थोडं फायबर

स्ट्रीमर (नेटवर्कवरून गाणी आणणारा डबा) घेतला, डॅक (डिजिटलचं ॲनालॉग करणारा) घेतला, ॲम्प्लिफायर-स्पीकर आधीपासून होतेच, आणि आता वायफायवर हाय-रेझ वाजवताना गाणं मधेच अडकतंय म्हणून लॅन केबल टाकायचं ठरतं, तर पहिलाच प्रश्न येतो की स्विच, म्हणजे एका लॅन केबलचे अनेक फाटे फोडणारा डबा, कुठला घ्यायचा. शोधायला गेलं की एकीकडे हजार रुपयांचा डबा दिसतो आणि दुसरीकडे तेच काम करणारा लाखभराचा, आणि दोन्हीकडची मंडळी एकमेकांना बहिरी ठरवायला टपलेली. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल: घरी ऐकायला चांगल्या कंपनीचा साधा, बिनपंख्याचा गिगाबिट (सेकंदाला हजार मेगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचा) स्विच पुरतो, आणि उरलेलं डोकं नि पैसे केबल, वीज आणि जोडणी यात घालावेत, कारण खरी भानगड तिथेच असते.

पायरी १: मुळात स्विच लागतोय का ते बघा

जिओ, एअरटेल किंवा आपल्या एरियातल्या केबलवाल्याचं फायबर असेल तर घरात बसवलेल्या राउटरलाच मागे दोन ते चार लॅन पोर्ट असतात, आणि ते पोर्ट म्हणजे आतमध्ये बसवलेला छोटा स्विचच आहे. राउटर हाय-फायच्या जवळ असेल आणि लावायचे फक्त स्ट्रीमर नि नॅस (गाणी साठवायची नेटवर्कवरची हार्डडिस्क) असतील तर सरळ तिथेच लावा, विषय संपला, हा लेख इथेच सोडलात तरी चालेल.

स्विच लागतो तो पोर्ट संपल्यावर, किंवा राउटर दाराजवळ आणि रॅक हॉलच्या दुसऱ्या टोकाला असून भिंतीतून एकच केबल आलेली असेल तेव्हा, म्हणजे त्या एका केबलचे स्ट्रीमर, टीव्ही, नॅस असे फाटे फोडायचे असतात. तिसरंही एक कारण असतं, राउटरचे पोर्टच भंगार असतात. केबलवाले देतात त्या स्वस्त राउटरमध्ये बऱ्याचदा एकच पोर्ट गिगाबिट आणि बाकीचे १०० एमबीपीएसचे निघतात, तेव्हा मागचं लेबल नीट वाचा.

घरात पडलेला जुना राउटर स्विच म्हणून वापरायचा मोह सगळ्यांनाच होतो. वापरा, पण त्याचं डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना आयपी पत्ते वाटायचं काम) बंद करा, त्याचा आयपी मुख्य राउटरच्या आयपीशी भांडणार नाही असा बदला, आणि केबल त्याच्या वॅन (इंटरनेटच्या) पोर्टला न लावता लॅन पोर्टला लावा. वॅनला लावलीत तर तो आपलं वेगळं नेटवर्क थाटून बसतो आणि मग मोबाइलच्या ॲपमध्ये स्ट्रीमर दिसतच नाही, आणि माणूस बिचारा स्ट्रीमर बिघडला म्हणून सर्व्हिस सेंटरला फोन लावतो.

पायरी २: गाण्याला किती डेटा लागतो याचा एकदा हिशोब करा

हा हिशोब एकदा कळला की निम्म्या जाहिराती आपोआप गळून पडतात. सीडी म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, दोन चॅनल, गुणाकार करा, १.४१ एमबीपीएस येतं, आणि फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता फाइल लहान करणारा फॉरमॅट) साधारण त्याच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत उतरतं. २४/९६ (२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ) ला ४.६, २४/१९२ ला ९.२, डीएसडी या वेगळ्या हाय-रेझ फॉरमॅटमधल्या डीएसडी६४ ला ५.६ आणि अगदी डीएसडी२५६ घेतलं तरी २२.६ एमबीपीएस. म्हणजे जुनाट १०० एमबीपीएसचं पोर्टसुद्धा सगळ्यात जड फाइल आरामात वाहून नेतं. कित्येक महागड्या स्ट्रीमरना १०० एमबीपीएसचंच पोर्ट असतं ते बघून घाबरायचं कारण नाही.

मग गिगाबिट कशाला? नॅसवर सीडी भरायच्या म्हणून. किशोरीताई, कुमारजी, भीमसेनजी, मल्लिकार्जुन मन्सूर अशा पाचशे सीडी रिप केल्या (फाइलमध्ये उतरवल्या) तर फ्लॅकमध्ये दीडशे जीबीच्या आसपास होतात. १०० एमबीपीएसवर सेकंदाला ११-१२ मेगाबाइट जातात, म्हणजे साडेतीन-चार तास, आणि गिगाबिटवर डिस्क साथ देत असेल तर अर्ध्या तासाच्या आत काम उरकतं. किमतीत फरकही आता नावालाच उरलाय, त्यामुळे गिगाबिटच घ्या. २.५ गिगाबिटचे स्विच बाजारात आलेत, ते गाण्यासाठी घेऊ नका.

पोर्ट किती? आज लागणाऱ्या वस्तू मोजा, राउटरकडून येणाऱ्या केबलसाठी एक धरा, वर दोन मोकळे ठेवा. बहुतेक घरांत ५ पोर्ट पुरतात, नॅस, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, गेमिंग कन्सोल असं सगळं एकाच रॅकवर असेल तर ८.

पायरी ३: अनमॅनेज्ड की मॅनेज्ड

साधा अनमॅनेज्ड, म्हणजे ज्यात सेटिंगची भानगडच नसते असा, घ्या. टीपी-लिंकचा एलएस१००५जी किंवा टीएल-एसजी१०५, डी-लिंकचा डीजीएस-१०५, नेटगिअरचा जीएस१०५ किंवा जीएस३०५, यातला जो वॉरंटीसकट मिळेल तो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीत सहज मिळतात, ऑनलाइन तर आहेतच. लावायचा आणि विसरायचा.

मॅनेज्ड किंवा 'स्मार्ट' स्विचमध्ये सेटिंगची पानंच्या पानं असतात आणि त्यातलीच काही आपल्या गाण्याच्या मुळावर उठतात. हे जरा खोलात जाऊन सांगतो, कारण 'ॲपमध्ये स्ट्रीमर दिसतो आणि गायब होतो' या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथे असतं.

मोबाइलला स्ट्रीमर सापडतो कसा? एअरप्ले, क्रोमकास्ट, स्पॉटिफाय कनेक्ट ही मंडळी एमडीएनएस वापरतात, म्हणजे २२४.०.०.२५१ या पत्त्यावर 'कुणी आहे का' असं ओरडायचं आणि ज्याला ऐकू जाईल त्याने ओ द्यायची. यूपीएनपी आणि डीएलएनएवाले (नॅसवरची गाणी शोधायच्या पद्धती) २३९.२५५.२५५.२५० वर ओरडतात. याला मल्टिकास्ट म्हणतात. साधा स्विच हा आवाज सगळ्या पोर्टांवर जसाच्या तसा पोचवतो. मॅनेज्ड स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग चालू असेल तर तो ठरवायला लागतो की हे कुणाला ऐकवायचं आणि कुणाला नाही, आणि नेटवर्कमध्ये 'क्वेरिअर' (कोण ऐकतंय ते अधूनमधून विचारणारा) नसेल तर थोड्या वेळाने त्याची यादी शिळी होते आणि तो आवाज पुढे पाठवणंच बंद करतो. मग स्विच रीस्टार्ट केला की सगळं ठीक, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा गायब. असं होत असेल तर आयजीएमपी स्नूपिंग बंद करून बघा, घरगुती नेटवर्कला त्याची गरज जवळपास नसतेच.

दुसरं सेटिंग ईईई म्हणजे ८०२.३एझेड, डब्यावर 'ग्रीन' किंवा 'एनर्जी एफिशिएंट' असं लिहिलेलं असतं ते. ट्रॅफिक नसताना लिंकला डुलकी घ्यायला लावून वीज वाचवायची अशी ही कल्पना, २०१० सालची. दोन्ही टोकांना ती येत असेल तरच चालू होते. बहुतेक वेळा काहीच त्रास होत नाही, पण काही जोड्या जमत नाहीत आणि लिंक मधेच पडून उठते. स्टुडिओत डांटे नावाची नेटवर्क ऑडिओ पद्धत वापरतात, तिथे ईईई बंदच ठेवायला सांगतात, पण डांटेला वेळेचं गणित मिलिसेकंदाच्याही आत जुळवावं लागतं आणि आपल्या घरी स्ट्रीमरकडे भलामोठा बफर असतो, तेव्हा तिथला नियम डोळे झाकून इथे लावू नका. त्रास असेल तरच बंद करा. साध्या स्विचमध्ये बहुधा बंद करता येत नाही, तेव्हा स्विच बदलून बघणं एवढंच हातात राहतं.

जुन्या सोनोसचे स्पीकर असतील तर अजून एक काळजी. ते आपसात वायरलेस जाळं विणतात, आणि त्यातले दोन-तीन केबलनेही जोडले तर नेटवर्कमध्ये गोल फेरा तयार होतो, तो तोडायला सोनोस एसटीपी (फेरा ओळखून एक रस्ता बंद करणारी पद्धत) वापरतं. मॅनेज्ड स्विचवर एसटीपीची सेटिंग त्याच्याशी जुळली नाही तर सगळं घर ठप्प. एकच सोनोस केबलला लावा, बाकीचे वायरलेस राहू देत, हा सोपा इलाज.

आणि फेऱ्यावरून आठवलं, साध्या स्विचमधून राउटरला दोन केबल लावल्या की स्पीड दुप्पट होत नाही. पॅकेट गोल गोल फिरत राहतात, सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकायला लागतात आणि घरातलं इंटरनेट मरतं. आवराआवर करताना मोकळं टोक दिसलं म्हणून कुणीतरी ते रिकाम्या पोर्टात खुपसतं आणि हे होतं, त्यामुळे असा प्रकार झाला तर आधी हेच तपासा.

पायरी ४: डबा आणि ॲडॅप्टर

पंखा नको, एवढं एक पक्कं. ऑफिसमधून निघालेले सेकंडहँड सिस्को कॅटलिस्ट स्वस्तात मिळतात आणि काही हौशी लोक त्यांच्यावर जीव टाकतात, पण त्यातल्या २४ पोर्टवाल्या बऱ्याच मॉडेलना पंखा असतो आणि तो हॉलमध्ये तानपुऱ्यापेक्षा जास्त घुमतो. कॉम्पॅक्ट ८ पोर्टवाले बिनपंख्याचे असतात, सिस्कोच हवा असेल तर ते बघा, पण कन्सोल केबल लावून आधीच्या कंपनीची सेटिंग पुसायची तयारी ठेवा.

धातूचा डबा की प्लास्टिकचा? सगळीकडे धातूचा घ्या असं सांगतात, उष्णता बरी जाते, टिकाऊ वाटतो, ठीक आहे. पण एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. धातूच्या स्विचची पोर्टही बहुतेकदा धातूने मढवलेली आणि डब्याला जोडलेली असतात, म्हणजे शील्डवाली (तारांवर धातूचं वेष्टण असलेली) केबल वापरलीत की नॅस, राउटर, टीव्ही आणि स्ट्रीमर या सगळ्यांचं अर्थिंग त्या डब्यातून एकमेकांना चिकटतं आणि गुणगुणीला वाट मिळते. स्वस्त प्लास्टिक स्विचच्या प्लास्टिक पोर्टमध्ये हा जोड आपोआप तुटतो. त्यामुळे या एका बाबतीत स्वस्तातला डबा चक्क बरा.

ॲडॅप्टरवर आउटपुट वाचा. काही स्विचना ५ व्होल्ट लागतात, काहींना ९, काहींना १२, आणि पिन सगळ्यांची सारखीच दिसते ही खरी पंचाईत. महाराष्ट्रात लाइट जायचा त्रास असल्यामुळे राउटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस बऱ्याच घरांत लावलेला असतो, आणि त्याचीच दुसरी वायर ५ व्होल्टच्या स्विचला लावली की स्विच गेला म्हणून समजा. मिनी यूपीएसवर चालवायचाच असेल तर १२ व्होल्टचा स्विच निवडा किंवा ५ नि ९ व्होल्टचं वेगळं आउटपुट असलेला यूपीएस घ्या. पिनच्या आत प्लस आहे की मायनस, तेही त्या छोट्या गोलाच्या चित्रावरून बघा.

लिनिअर पॉवर सप्लाय (जड ट्रान्सफॉर्मरवाला, कमी नॉइजचा ॲडॅप्टर) घ्यावा का? स्विचच्या किमतीच्या चार-पाच पट पैसे त्यात घालण्याआधी पायरी ७ मधली तपासणी करा. तोपर्यंत ॲडॅप्टर नुसता डॅक नि फोनो ॲम्पच्या एक्स्टेंशन बोर्डवरून काढून दुसऱ्या बोर्डला लावा, हे फुकट आहे.

पीओई म्हणजे केबलमधूनच वीज देणारा स्विच हाय-फायसाठी मुद्दाम घेऊ नका. सीसीटीव्हीसाठी घरात आधीच असेल तर ८०२.३एएफ किंवा एटीवाला चालतो, तो समोरच्या उपकरणाला विचारल्याशिवाय वीज सोडत नाही. 'पॅसिव्ह पीओई' वाला मात्र न विचारता सोडतो, त्याला स्ट्रीमर लावू नका.

पायरी ५: केबल

इथे लोक दोन टोकांना जातात, एक तर कॅट ८ चा जाड दोरखंड घेतात, नाहीतर केबलवाल्याने सोडलेला तुकडा वापरतात. गिगाबिट १०० मीटरपर्यंत न्यायला कॅट ५ई पुरते, कॅट ६ घेतली की झालंच. कॅट ८ ही ४० गिगाबिटसाठी, डेटा सेंटरमधल्या ३० मीटरच्या आतल्या अंतरांसाठी आहे, आपल्या हॉलमध्ये तिला काही काम नाही.

बघायचं ते तांबं. आपल्या बाजारात सीसीए केबल खूप खपते, म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. ब्लेडने तारेचं टोक हलकेच खरवडा, आतून चांदीसारखं पांढरं दिसलं तर ती सीसीए. गुंडाळी उचलून बघितली तरी हलकी लागते. भिंतीच्या पाइपमधून ओढताना, कोपऱ्यात वाकवताना ही तुटते, आणि एक जोडी तुटली की गिगाबिट लिंक १०० वर घसरते, कारण १०० ला दोन जोड्या लागतात आणि गिगाबिटला चारही. कित्येक स्विचवर हे दिव्याच्या रंगावरून कळतं, गिगाबिटला हिरवा असेल तर १०० ला नारिंगी, मॉडेलप्रमाणे बदलतं.

शील्ड नसलेली यूटीपी घ्या. घरात शील्डचा फायदा जवळजवळ नाही आणि मगाशी सांगितलेला अर्थिंगचा घोळ मात्र तिच्यातून येतो. रॅकमध्ये विजेच्या वायरींबरोबर लॅन केबल एकाच गठ्ठ्यात बांधू नका, एवढं पुरे.

गच्चीवरून, शेजारच्या बिल्डिंगवरून येणारी लॅन केबल अजून असेल तर ती आधी काढून फायबर घ्या. वळवाच्या पावसात वीज जवळपास पडली तरी त्या लांब तारेत झटका उतरतो आणि राउटर, स्विच, स्ट्रीमरचं पोर्ट असं ओळीने जातं. फायबर काच आहे, तिच्यातून हा झटका येत नाही. तोवर ढग गडगडायला लागले की बाहेरून आलेली ती केबल उपटून ठेवायची, प्लग काढून पुरत नाही.

पायरी ६: ऑडिओफाइल स्विच आणि फायबर

इंग्लिश इलेक्ट्रिकचा ८स्विच, सायलेंट एंजलचा बॉन एन८, अपटोनचा इथररीजेन, सॉटेमचा एसएनएच-१०जी, मेल्कोचा एस१०० अशी ही मंडळी. पंचवीस-तीस हजारांपासून सुरू होतात आणि लाखांत जातात. मेल्को म्हणजे नवखी कंपनी नव्हे, कॉम्प्युटरच्या ॲक्सेसरी बनवणाऱ्या जपानी बफेलोचंच घराणं, १९७५ मध्ये सुरुवात झाली तीही ऑडिओपासून. या सगळ्यांचं म्हणणं दोन गोष्टींवर उभं असतं: भारी क्लॉक (डिजिटल सिग्नलचा ताल ठरवणारा क्रिस्टल) आणि कमी नॉइज (केबलमधून येणारा विजेचा कचरा).

क्लॉकचं मला पटत नाही. नेटवर्कवरून येतात ती पॅकेट, तुकड्यातुकड्यांत, कधी एकदम ढीगभर, कधी थांबून. स्ट्रीमर ती मेमरीत साठवतो आणि तिथून ती स्ट्रीमरच्या किंवा डॅकच्या स्वतःच्या क्लॉकवर पुढे जातात. प्रत्येक फ्रेमच्या शेवटी ३२ बिटचा सीआरसी (तपासणीचा आकडा) असतो, बिघडलेली फ्रेम तिथेच फेकली जाते, आणि टीसीपी (डेटा पोचल्याची खात्री करणारी पद्धत) ती परत मागवतं. स्विचमधल्या क्रिस्टलचा ताल डॅकपर्यंत पोचायला रस्ताच नाही. पटत नसेल तर घरी करून बघा: एखादं मोठं ख्याल गायन लावा, मिनिटभर वाजू द्या आणि स्ट्रीमरची लॅन केबल सरळ उपटा. गाणं चालूच राहतं, कुठे काही सेकंद तर कुठे आख्खा ट्रॅक, प्रत्येक स्ट्रीमरचा बफर वेगळा. त्या वेळात तुम्ही स्विचशिवाय ऐकताय. आवाज खुलला का, तानपुरा स्वच्छ झाला का?

नॉइजचं मात्र पूर्ण उडवून लावता येत नाही. प्रत्येक लॅन पोर्टमध्ये बारीक ट्रान्सफॉर्मर असतो, १५०० व्होल्टपर्यंत अलग ठेवणारा, त्यामुळे ५० हर्ट्झची गुणगुण त्यातून यूटीपीवर सहसा येत नाही. पण त्या ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांमध्ये थोडी कपॅसिटन्स असते आणि उच्च फ्रिक्वेन्सीचा कचरा तिथून डोकावू शकतो. चांगल्या स्ट्रीमरमध्ये त्याचा बंदोबस्त आतच केलेला असतो. स्वस्त स्ट्रीमर, डॅकला अर्थिंग नाही, ॲम्प संवेदनशील, असं सगळं जुळून आलं तर फरक पडू शकतो.

आणि तसा फरक खरंच असेल तर त्याचा पक्का नि स्वस्त इलाज फायबरच. राउटरच्या बाजूला एक मीडिया कन्व्हर्टर (तांब्याच्या लॅनचं फायबर करणारा डबा), स्ट्रीमरच्या बाजूला दुसरा, मध्ये एलसी टोकांची फायबर पॅचकॉर्ड, तांब्याचा संबंधच संपला. एसएफपी खाच (फायबरचं मॉड्यूल बसवायची जागा) असलेले कन्व्हर्टर घ्या, टीपी-लिंकचा एमसी२२०एल त्यातला प्रसिद्ध. दोन्हीकडे एकाच प्रकारचे मॉड्यूल लागतात, ८५० नॅनोमीटरचं मल्टिमोड किंवा १३१० चं सिंगलमोड, आणि फायबरही त्याच प्रकारची, मिसळ केलीत तर चालत नाही. हा कन्व्हर्टर गिगाबिटसाठीच आहे, तेव्हा १०० एमबीपीएसच्या स्ट्रीमरला कन्व्हर्टर आणि स्ट्रीमर यांच्यामध्ये तो आपला छोटा स्विच ठेवावा लागेल. आता स्ट्रीमरकडच्या कन्व्हर्टरचा ॲडॅप्टर उरतो, तो एक सोवळ्यात ठेवा म्हणजे झालं. सगळं मिळून काही हजारांत होतं.

भिंत फोडायची नसेल तर मेश वायफायचा दुसरा डबा रॅकजवळ ठेवून त्याच्या लॅन पोर्टमधून स्ट्रीमरला केबल द्या, राउटरशी तांब्याचा संबंध तिथेही उरत नाही. विजेच्या वायरींतून नेटवर्क नेणारे पॉवरलाइन ॲडॅप्टर मात्र हाय-फायच्या घरात आणू नका, ज्या लाइनवर शांतता हवी त्याच लाइनवर ते किलबिलाट करतात.

पायरी ७: लावल्यावर तपासा

नॅस आणि स्ट्रीमर एकाच स्विचवर लावा म्हणजे गाण्याची फाइल राउटरपर्यंत फेरी मारत नाही आणि इंटरनेट बंद असलं तरी स्वतःचा संग्रह वाजत राहतो. राउटरमध्ये दोघांनाही डीएचसीपीत कायमचा आयपी राखून द्या. रून (संग्रह सांभाळून वाजवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्याचा सर्व्हर केबलवरच ठेवा, रिमोटचा टॅबलेट वायफायवर राहिला तरी हरकत नाही, फक्त गेस्ट वायफायवर नको, तिथून आतलं काही दिसत नाही.

मग गाणं थांबवा, ॲम्पचा आवाज नेहमीपेक्षा वर न्या, स्पीकरला कान लावा आणि कुणाला तरी स्ट्रीमरची लॅन केबल काढ-घाल करायला सांगा. गुणगुण किंवा चिरचिर बदलली तर वाट केबलमधून आहे: शील्डवाली केबल काढून यूटीपी लावा, ॲडॅप्टर हलवा, घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, आणि तरी राहिली तर फायबर. काहीच बदललं नाही तर स्विचकडून ऐकू येईल असा कचरा येत नाहीये. आवाज खाली आणल्याशिवाय गाणं परत चालू करू नका, स्पीकरचे ट्विटर जळतील.

आणि एवढं होऊनही एखादा महागडा स्विच मित्राने किंवा दुकानदाराने ट्रायलला दिलाच, तर दोन्ही स्विच राउटरच्या दोन वेगळ्या पोर्टांना लावा, आपसात जोडू नका, दोन्ही चालू ठेवा. तुम्ही खोलीबाहेर, घरातलं कुणीतरी नाणं उडवून कुठल्या स्विचमध्ये स्ट्रीमरची केबल घालायची ते ठरवेल आणि तोच ट्रॅक पहिल्यापासून लावेल, कारण जुना बफर शिल्लक असेल तर तुलना खोटी होते. व्हॉल्यूमला हात नाही. तुम्ही आत येऊन कागदावर 'अ' की 'ब' ते लिहायचं. असं दहा वेळा. नुसत्या अंदाजाने दहातले नऊ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता साधारण १ टक्का असते, तेव्हा नऊ आले तर ठेवून घ्या. सहा-सात आले तर डबा परत पॅक करा, रिटर्नची मुदत संपायच्या आत.